जुनी संगणक यंत्रणा, चालू काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर परिसरातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहती, शिवाजी उद्यमनगरातली मशीन शॉप, गावोगावच्या दूध संस्था, पतसंस्था, वजनकाटे आणि छापखाने इथून येणारे प्रश्न एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. काहीही करण्याआधी एक विनंती: मशीन किंवा पीसी चालू स्थितीत असेल, तर आजच त्यातल्या डेटाची प्रत काढून घ्या (प्रश्न ५). बाकीचं निवांत वाचलं तरी चालेल.

१. जुनी यंत्रणा म्हणजे नेमकी किती जुनी? आमचा विंडोज ७ त्यात येतो का?

येतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. पण आमच्या मते तारखेपेक्षा दुसरी कसोटी जास्त उपयोगी आहे. हा पीसी आत्ता बंद पडला, तर उद्या संध्याकाळपर्यंत काम पुन्हा सुरू होईल का? डेटाची प्रत आहे, सुटा भाग हाताशी आहे आणि तो बसवता येणारा माणूस ओळखीचा आहे, तर वीस वर्षांची यंत्रणाही बिनघोर चालवा. यातलं एक जरी नसलं तरी पाच वर्षांचा पीसीही धोक्याचा.

२. चालतंय ना, मग बदलायचं कशाला?

बऱ्याच ठिकाणी बदलू नयेच. सीएनसी लेथचं ओतीव बेड, स्पिंडल आणि स्लाइड नीट असतील, तर केवळ कंट्रोल (मशीन चालवणारा संगणक) जुना आहे म्हणून मशीन मोडीत काढणं हे नुकसान आहे. वजनकाट्याचा इंडिकेटर, डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, भरतकामाचं मशीन यांचंही तेच. ही यंत्रं एकच काम करतात, आणि ते काम बदललेलं नाही.

ज्या पीसीवरून बँकेचे व्यवहार, जीएसटी पोर्टल किंवा ईमेल उघडला जातो, तो मात्र जुना ठेवू नका. तिथे धोका रोज बाहेरून येतो. शिवाय एक्सपीबरोबर आलेल्या ब्राउझरला आजच्या वेबसाइटची सुरक्षित जोडणी समजतच नाही, त्यामुळे पोर्टल उघडत नाही आणि मग कुणीतरी कुठलंसं अनोळखी सॉफ्टवेअर टाकून वाट काढतो. घोटाळा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो.

३. एक्सपीचा पीसी नेटला जोडलेलाच नाही. मग तो सुरक्षित आहे ना?

इंटरनेट नसलं तरी पेनड्राइव्ह असतो, आणि ऑफिसच्या नेटवर्कची वायर असते. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी-व्हायरस फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतून, म्हणजे एसएमबी १ मधून, एका पीसीवरून दुसऱ्यावर आपोआप पसरत होता. एक्सपी फक्त हीच पद्धत जाणतो. या धोक्यामुळे विंडोज १० च्या २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती आपोआप चालू नसते, आणि त्यामुळेच नवा पीसी घेतल्यावर ‘एक्सपीचा फोल्डर दिसत नाही’ अशी तक्रार येते. यावर सगळ्या नव्या पीसींवर एसएमबी १ चालू करून देण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. तो करू नका. एका जुन्या पीसीसाठी सगळ्या ऑफिसचं दार उघडं राहतं.

त्याऐवजी जुन्या मशीनसाठी वेगळा छोटा स्विच लावा आणि त्या पीसींच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवे आणि डीएनएस (बाहेरच्या नेटचा रस्ता दाखवणाऱ्या नोंदी) रिकामे ठेवा. फाइल द्यायच्या-घ्यायच्या असतील तर मधे एकच पीसी ठेवा, त्यात दोन नेटवर्क कार्डं घाला: एक ऑफिसकडे, एक जुन्या मशीनकडे. दोन्ही कार्डं ‘ब्रिज’ करू नका, म्हणजे सेटिंगमधून एकमेकांना जोडू नका, केलीत तर वेगळं ठेवण्याचा अर्थच संपतो. एसएमबी १ लागलंच तर फक्त या मधल्या पीसीवर. पेनड्राइव्ह या कामासाठी वेगळा राखून ठेवा, त्यावर रंगीत पट्टी चिकटवा, आणि एक्सपीमधलं ऑटोरन (पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप सुरू होणं) बंद करा.

४. पतसंस्थेचं डॉसमधलं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपवर उघडतच नाही. काय करावं?

६४ बिटच्या विंडोजमध्ये डॉस या विंडोजच्या आधीच्या यंत्रणेचे १६ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, त्याला पाय ठेवायला जमीन नाही. वाटा अशा आहेत.

एकट्या माणसाने वापरायचं असेल तर व्हीडॉस हा मोफत प्रोग्राम बघा. तो ऑफिसच्या कामासाठीच बनवला आहे आणि छपाईही करतो. डॉसबॉक्स मुळात खेळांसाठी आहे. त्याच्या मूळ आवृत्तीत प्रिंटरची सोयच नाही, म्हणून हिशेबाला तो घेऊ नये.

दोन-तीन काउंटरवरून एकाच वेळी नोंदी होत असतील, तर व्हर्च्युअल मशीनमध्ये (पीसीच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा पीसी) ३२ बिटचं विंडोज टाकून त्यात प्रोग्राम चालवा. कारण अशा वेळी एकच खातं दोघांनी उघडल्यावर फाइल कुलूपबंद होणं महत्त्वाचं असतं, आणि ते नीट झालं नाही तर शिल्लक चुकते. कॉन्फिग फाइलमध्ये एकाच वेळी उघडता येणाऱ्या फाइलींची संख्या ९९ पर्यंत वाढवा. ती कमी असली की मोठा अहवाल काढताना प्रोग्राम मधेच बंद पडतो.

सुरू होतानाच ‘शून्याने भागाकार’ किंवा आर ६००३ अशी चूक दिसली, तर प्रोसेसर जास्त वेगवान आहे. जुने प्रोग्राम सुरुवातीला संगणकाचा वेग मोजतात आणि वेळ शून्य आली की कोसळतात. क्लिपर, फॉक्सप्रो २.६ आणि टर्बो पास्कलमध्ये बनवलेल्या प्रोग्रामना हा त्रास होतो. यासाठी पॅच मिळतात. तेही नको असेल तर व्हर्च्युअल मशीनऐवजी वेग कमी करता येणारा एम्युलेटर (जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरा.

५. बॅकअप रोज पेनड्राइव्हवर घेतो. पुरेसं नाही का?

पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात असेल तर नाही. कोल्हापुरात हे वेगळं सांगायला नको: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये नदी त्याच्या फार वर गेली. तळमजल्यावरच्या ऑफिसांत पीसी, पेनड्राइव्ह आणि कागदी रजिस्टर एकाच वेळी पाण्यात गेले.

किमान तीन प्रती हव्यात. एक पीसीवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या इमारतीत किंवा क्लाउडवर. जुना पीसी नेटला जोडायचा नसल्याने क्लाउडची प्रत प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या मधल्या पीसीवरून पाठवा. डेटाच्या बॅकअपशिवाय संपूर्ण डिस्कची प्रतिमाही वर्षातून एकदा काढा, कारण जुन्या प्रोग्रामच्या सेटअप फ्लॉपी किंवा सीडी बहुतेक ठिकाणी उरलेल्या नाहीत. डिस्क काढून आयडीई-यूएसबी अडॅप्टरने (आयडीई म्हणजे जुन्या डिस्कची जोडणी) दुसऱ्या पीसीला जोडा. ती धडधाकट असेल तर क्लोनझिला, कुरकुरत असेल तर डीडी-रेस्क्यू वापरा. डीडी-रेस्क्यू आधी नीट वाचले जाणारे भाग उचलतो आणि खराब भागांवर नंतर येतो.

तीन महिन्यांतून एकदा बॅकअप दुसऱ्या पीसीवर उघडून बघा आणि एका खात्याची शिल्लक जुळवा. न उघडलेल्या बॅकअपवर विश्वास ठेवू नये.

६. पीसी पुराच्या पाण्यात होता. वाळवून चालू करू का?

नको. वीज दिली की डिस्कच्या तबकड्यांवरचा गाळ हेडखाली घासला जातो आणि वाचवता आला असता तो डेटाही जातो. डिस्क काढा, उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, ओलसर असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे पाठवा. गाळ वाळून घट्ट बसला की काम अवघड होतं. मदरबोर्ड आणि पॉवर सप्लायचा विचार त्यानंतर.

७. लाइट गेल्यावर फॉक्सप्रोची फाइल ‘ही टेबल नाही’ म्हणते. डेटा गेला का?

बहुतेक वेळा गेलेला नसतो. डीबीएफ फाइलच्या, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटा फाइलच्या सुरुवातीला एकूण नोंदींची संख्या लिहिलेली असते. नोंद लिहिली गेली आणि ही संख्या बदलायच्या आत वीज गेली, की दोन्ही जुळत नाहीत आणि फॉक्सप्रो फाइल उघडायचं नाकारतो.

सर्वांत आधी संपूर्ण फोल्डरची प्रत काढा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. डीबीएफ दुरुस्तीचा प्रोग्राम वापरून सुरुवातीची संख्या नीट करा. फाइल उघडली की तिचा पूर्ण ताबा घेऊन री-इंडेक्स करा, म्हणजे सूची नव्याने बनवा. तीन गोष्टी टाळा. सीडीएक्स ही सूचीची फाइल खोडू नका, ती टेबलाला बांधलेली असते आणि नसली की नवीच चूक येते. ‘पॅक’ ही आज्ञा लगेच देऊ नका, खोडलेल्या खुणेच्या नोंदी कायमच्या जातात. आणि डीबीएफ लिब्रेऑफिसमध्ये बघायला उघडली तरी तिथून सेव्ह करू नका, स्तंभांची रुंदी आणि तारखा बदलतात. एफपीटी नावाची जोडफाइल असेल तर तीही बरोबर ठेवा, शेरे आणि मोठा मजकूर तिच्यात असतो.

हे वारंवार होत असेल तर यूपीएसची बॅटरी तपासा, आणि काउंटरचे पीसी वाय-फायवरून चालत असतील तर आजच वायर टाका. क्षणभर सिग्नल तुटला तरी अशा फाइलींना तो लाइट गेल्यासारखाच असतो. एका टेबलाची कमाल मर्यादा २ जीबी आहे, फाइल तिच्या जवळ गेली असेल तर जुनी वर्षं वेगळी काढा.

८. डॉट मॅट्रिक्सवर प्रत्येक पानाला छपाई एक इंच सरकते. प्रिंटर खराब झाला का?

प्रिंटर ठीक आहे. कंटिन्युअस स्टेशनरी १०×१२ ची, म्हणजे १२ इंच लांबीची आहे, आणि प्रिंटर पान ११ इंचांचं समजतो. इंचाला ६ ओळी धरल्या तर ११ इंचांत ६६ ओळी बसतात, १२ इंचांत ७२. प्रोग्रामने छपाईच्या सुरुवातीला तीन अक्षरं पाठवायला हवीत: कॅरेक्टर २७, मग मोठ्या लिपीतलं इंग्रजी सी, मग कॅरेक्टर ७२. प्रोग्राम बदलता येत नसेल तर प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पानाची लांबी १२ इंच करा.

अक्षरं अचानक बारीक झाली तर कुठल्यातरी अहवालाने कॅरेक्टर १५ पाठवून ती परत घेतली नाही. कॅरेक्टर १८ ने पूर्ववत होतात, किंवा प्रिंटर बंद करून चालू करा. ओळीतून आडवी पांढरी रेघ जात असेल तर हेडची पिन गेली. चार प्रतींच्या कागदाला हेडची खटकी मोकळी आणि एका प्रतीला घट्ट ठेवायची असते. ती तशीच घट्ट ठेवून कार्बनच्या चार प्रती काढल्या की पिना वाकतात. रिबनमध्ये शिक्क्याची शाई भरण्याची सवय असेल तर सोडा, त्यात वंगण नसतं आणि पिना अडकतात.

९. नव्या पीसीला पॅरलल पोर्टच (जुन्या प्रिंटरची खाच) नाही. डॉसमधून यूएसबीवर छपाई कशी काढायची?

यूएसबी ते पॅरलल केबल लावली की विंडोजमध्ये एलपीटी १ (डॉसला माहीत असलेलं प्रिंटरचं पोर्ट) तयार होत नाही, यूएसबी ००१ नावाचं वेगळं पोर्ट तयार होतं. डॉसचा प्रोग्राम ते ओळखत नाही. प्रिंटरला ‘जेनेरिक, फक्त मजकूर’ हा ड्रायव्हर द्या, प्रिंटर लहान नावाने शेअर करा (नावात जागा नको), आणि नेट यूज आज्ञेने एलपीटी १ त्या शेअरला कायमचं जोडा. त्याच पीसीवरचा प्रिंटर असला तरी शेअर करावाच लागतो, आणि नेटवर्कची वायर काढली की काही ठिकाणी ही जोडणी तुटते. व्हीडॉस वापरत असाल (प्रश्न ४) तर हा खटाटोप लागत नाही. नवा प्रिंटर घ्यायचा असेल तर एप्सन एलएक्स ३१० सारखा, ज्यात पॅरलल, सीरियल आणि यूएसबी तिन्ही असतात, तो घ्या.

१०. छापखान्यातल्या जुन्या फाइली नव्या पीसीवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. मजकूर परत मिळेल?

मिळेल. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव या पद्धतींत मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवले होते. तो फॉन्ट नसला की मूळची इंग्रजी अक्षरं दिसतात. आधी फाइलमध्ये फॉन्टचं नेमकं नाव बघा. एकाच कंपनीच्या दोन फॉन्टची मांडणीही वेगळी असू शकते, म्हणून ‘श्रीलिपी’ एवढं कळून भागत नाही. मग त्या फॉन्टसाठीचा परिवर्तक घेऊन दोन पानं युनिकोडमध्ये आणा आणि चार जागा तपासा: ऱ्हस्व वेलांटी (जुन्या फॉन्टमध्ये ती व्यंजनाच्या आधी टाइप होते), रफार, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ मधला अर्धा र, आणि आकडे. जोडाक्षरं चुकली तर लगेच दिसतात, पण आकडे चुकले तर लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त चुकतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

पेजमेकरच्या ६ आणि ७ च्या फाइली इनडिझाइन सीएस ६ पर्यंत उघडतात, त्यानंतरच्या आवृत्त्यांत नाही. मांडणी जशीच्या तशी हवी असेल तर जुन्या पीसीवरच पीडीएफ करून ठेवा, जोवर तो चालू आहे. फॉन्टची डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी पोर्टला लावायची किल्ली) गेली असेल तर प्रश्न १५ बघा.

११. पीसीवरून सीएनसीला प्रोग्राम पाठवायची केबल कशी बांधायची?

फॅनक कंपनीचा कंट्रोल आणि २५ पिनांचा सॉकेट धरून सांगतो, कारण शिरोलीत आणि उद्यमनगरात सर्वांत जास्त विचारणा याचीच होते. पीसीकडे ९ पिनांचा कनेक्टर. पीसीची २ नंबरची पिन मशीनच्या २ ला, पीसीची ३ मशीनच्या ३ ला, पीसीची ५ मशीनच्या ७ ला. दोन्हीकडचे क्रमांक सारखे दिसले तरी ही उलटसुलट केबलच आहे, कारण ९ पिनांत २ ही घेणारी पिन असते आणि २५ पिनांत २ ही देणारी. मग पीसीकडे ७ आणि ८ एकमेकांना जोडा, आणि १, ४, ६ एकत्र. मशीनकडे ४ आणि ५ जोडा, आणि ६, ८, २० एकत्र. मशीनकडची ही जोडणी राहिली तर ०८६ चा अलार्म येतो: समोरचं यंत्र तयार असल्याचा सिग्नल नाही.

केबल जाळीची घ्या आणि जाळी फक्त मशीनकडे अर्थिंगला जोडा. ९६०० च्या वेगाला १५ मीटरपर्यंत लांबी धरा. त्याहून लांब असेल तर वेग ४८०० किंवा २४०० करा, किंवा मशीनजवळ सीरियल ते इथरनेटचं यंत्र लावून पुढे लॅनची वायर न्या. वेल्डिंग, इंडक्शन भट्टी आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) केबलींबरोबर ही वायर एका ट्रेमध्ये टाकू नका.

सेटिंग दोन्हीकडे अगदी सारखं हवं. फॅनकवर बहुधा ७ डेटा बिट, सम पॅरिटी, २ स्टॉप बिट आणि एक्सऑन-एक्सऑफ (‘थांब’ आणि ‘चालू कर’ सांगण्याची पद्धत) असतं. खात्रीसाठी तुमच्या मशीनचे पॅरामीटर बघा. वेग किंवा पॅरिटी चुकली की ०८५ येतो. फाइलची सुरुवात आणि शेवट टक्क्याच्या चिन्हाने करा. मशीनला पाठवताना आधी मशीन वाचायला तयार करा, मग पीसीवरून सोडा. मशीनकडून घेताना आधी पीसी तयार करा. दोन्ही बंद असतानाच केबल लावा-काढा. पीसीला अर्थिंग नसेल तर केबल लावताना उडणारी एक ठिणगी कंट्रोलचं पोर्ट जाळते, आणि ते बोर्ड स्वस्त नाही. शंका असेल तर मधे ऑप्टो-आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारं यंत्र) घाला.

१२. यूएसबी ते सीरियल केबलने छोटा प्रोग्राम जातो, मोठा गेला की ०८७ अलार्म येतो. का?

०८७ म्हणजे मशीनची साठवण भरली. मशीनने ‘थांब’ सांगितलं, तरी यूएसबी केबलच्या पोटातली अक्षरं येतच राहिली. जुन्या पीसीचं मदरबोर्डवरचं पोर्ट लगेच थांबायचं, स्वस्त यूएसबी केबल थांबत नाही. साच्यांचे मोठे प्रोग्राम ठिबक पद्धतीने (मशीनमध्ये पूर्ण न साठवता पीसीवरून थोडा थोडा पाठवत) चालवताना हे हमखास होतं. एफटीडीआय कंपनीची अस्सल चिप असलेली केबल घ्या, तिच्या ड्रायव्हरमध्ये पाठवण्याची साठवण सर्वांत लहान करा, वेग कमी करा. तरीही जमत नसेल तर डेस्कटॉपमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं सीरियल कार्ड टाका. आमच्या मते रोजच्या ठिबक कामाला पहिल्यापासून कार्डच बरं.

प्रोलिफिक कंपनीची जुनी किंवा नकली चिप असेल तर विंडोज ११ मध्ये पोर्टच्या नावाऐवजी ती २०१२ पासून बंद झाल्याचा संदेश दिसतो. केबल बदला, ड्रायव्हर शोधण्यात दिवस घालवू नका.

१३. सीएनसीच्या स्क्रीनवर ‘बॅट’ (बॅटरीचा इशारा) लुकलुकतंय, पण मशीन चालतंय. दुर्लक्ष केलं तर?

तर एखाद्या सोमवारी मशीन रिकाम्या डोक्याने उठेल. पॅरामीटर, पिच एरर, ऑफसेट, प्रोग्राम हे सगळं जुन्या कंट्रोलमध्ये बॅटरीवर टिकतं. फॅनक झिरो मालिकेत १.५ व्होल्टचे तीन मोठे, डी आकाराचे सेल असतात. नंतरच्या कंट्रोलमध्ये ३ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. मोठे सेल वर्षातून एकदा बदला, लुकलुकण्याची वाट पाहू नका.

सेल बदलताना कंट्रोल चालू हवा, इमर्जन्सी स्टॉप दाबलेला हवा, आणि काम इलेक्ट्रिशियनने करावं, कारण पॅनेलमध्ये वीज आहे. मशीन बंद करून सेल काढले की मेमरी पुसली जाते, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं हेच घडतं. सेल अल्कलाइनच घ्या, साधे किंवा चार्जिंगचे नकोत. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची (अक्षाची जागा मोजणारा भाग) ६ व्होल्टची बॅटरी वेगळी असते. ती गेली तर डेटा राहतो, पण अक्षाचं शून्य हरवतं, ३०० चा अलार्म येतो आणि संदर्भबिंदू पुन्हा बसवावा लागतो.

बदलण्याआधी प्रश्न ११ च्या केबलने सगळं पीसीवर उतरवून घ्या: प्रोग्राम, पॅरामीटर, ऑफसेट, मॅक्रो, आणि पीएमसीचे (कंट्रोलमधला, मशीनच्या जोडकामांचा क्रम सांभाळणारा भाग) टायमर, काउंटर, कीप रिले. फॅनक झिरोमध्ये ९०० च्या पुढचे पॅरामीटर प्रत्येक मशीनचे वेगळे असतात. त्यांची छापील यादी बहुधा पॅनेलच्या दारात चिकटवलेली असते. तिचा फोटो काढून प्रश्न ५ मधल्या तिन्ही जागी ठेवा. ती फाटली असेल तर आज स्क्रीनवरून उतरवून घ्या.

१४. मशीनला फ्लॉपीच लागते आणि फ्लॉपी मिळत नाही. इचलकरंजीत सगळे पेनड्राइव्हचा ड्राइव्ह लावतात, तो घ्यावा का?

घ्या. मोठ्या नावांपैकी सोनीने २०११ मध्ये फ्लॉपी बनवणं थांबवलं, आता मिळतो तो जुना साठा, आणि पावसाळ्याच्या ओलीने त्यावर बुरशी धरते. गोटेक हा फ्लॉपी एम्युलेटर त्याच ३४ पिनांच्या चपट्या वायरपट्टीवर बसतो आणि पेनड्राइव्हवरच्या क्रमांकाच्या कप्प्यांना एकेक फ्लॉपी समजतो.

खरेदीआधी मशीन १.४४ एमबीची फ्लॉपी घेतं की ७२० केबीची, हे बघा. भरतकामाची आणि जकार्डची बरीच मशीन ७२० ची असतात, आणि तिथे फक्त १.४४ चं मॉडेल चालत नाही. पट्टी उलटी बसली तर ड्राइव्हचा दिवा सतत पेटलेला राहतो, जळत काही नाही, फिरवून लावा. दिवा नीट पण मशीन ‘ड्राइव्ह तयार नाही’ म्हणत असेल, तर ३४ नंबरच्या पिनेचा अर्थ पीसीत आणि औद्योगिक मशीनमध्ये वेगळा असतो. फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर टाकलं की तो सेटिंगमधून बदलता येतो. मशीनची स्वतःची, डॉसची नसलेली मांडणी असेल तर तिची प्रत साध्या यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने निघत नाही. जुना ड्राइव्ह टाकू नका.

१५. सॉफ्टवेअरची डोंगल पॅरलल पोर्टची आहे. प्रश्न ९ मधली केबल चालेल?

चालणार नाही. ती केबल फक्त प्रिंटरची भाषा जाणते, डोंगल पोर्टच्या तारांशी थेट बोलते. खरं पॅरलल पोर्ट असलेलं कार्ड लागतं, आणि तिथेही अडचण असते: जुना प्रोग्राम पोर्ट ३७८ या ठरलेल्या पत्त्यावर शोधतो आणि नवी कार्डं दुसरा पत्ता घेतात. कंपनी चालू असेल तर डोंगल देऊन यूएसबीची बदलून मागा, पावती आणि अनुक्रमांक जवळ ठेवा. नसेल तर पॅरलल पोर्ट असलेले दोन जुने डेस्कटॉप घेऊन ठेवा.

१६. दूध संस्थेचं फॅट मशीन किंवा वजनकाटा नव्या पीसीला जोडला, पण आकडा येत नाही.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टचा क्रमांक बघा. यूएसबी केबल कॉम ७ किंवा कॉम १२ घेते आणि जुना प्रोग्राम कॉम १ ते ४ एवढेच बघतो. पोर्टच्या प्रगत सेटिंगमध्ये तो १ किंवा २ करा. केबल नेहमी त्याच यूएसबी खाचेत लावा, खाच बदलली की क्रमांकही बदलू शकतो. आकडा उलटा किंवा तुटक येत असेल तर वेग आणि पॅरिटी इंडिकेटरशी जुळवा. केबलची निवड प्रश्न १२ प्रमाणे.

पीसी बदलायला कुणाची परवानगी लागत नाही, पण वजनमाप विभागाचं सील तोडून इंडिकेटर उघडू नका.

१७. जुन्या पीसीचा मदरबोर्ड गेला. कुठला भाग बघून घ्यायचा?

आधी बघा की खरंच गेला का. तारीख दर वेळी मागे जात असेल तर फक्त सीआर २०३२ सेल संपला आहे. दूध बिल आणि व्याज तारखेवर चालतं, तेव्हा ही किरकोळ गोष्ट नाही. कॅपॅसिटरची टोपी फुगली असेल तर १०५ अंशांचे, कमी ईएसआरचे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचे बसवून घ्या. दिशा चुकवू नका.

मशीनचं खास कार्ड आयएसए या जुन्या पद्धतीच्या खाचेत असेल तर खाच असलेलाच बोर्ड लागेल, तिथे व्हर्च्युअल मशीन उपयोगी नाही. एटी पद्धतीच्या पॉवर सप्लायचे दोन प्लग लावताना काळ्या वायरी मधोमध एकमेकांशेजारी याव्यात, उलटे लावले तर बोर्ड जळतो. आयडीई डिस्कऐवजी औद्योगिक प्रतीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड अडॅप्टरने लावता येतं. धूळ आणि हादरे असलेल्या फाउंड्रीत ते डिस्कपेक्षा जास्त टिकतं. जुन्या एक्सपीची डिस्क वेगळ्या बोर्डावर लावल्यावर निळा पडदा आणि ७बी हा क्रमांक दिसला, तर डिस्क शाबूत आहे, तिला नव्या बोर्डाच्या डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर माहीत नाही. बायोसमध्ये साटाची पद्धत आयडीई करून बघा.

१८. हिशेब डॉसमध्येच ठेवले तर जीएसटी आणि ऑडिटला अडचण येते का?

तुम्ही कोण आहात यावर आहे. नोंदणीकृत कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची न पुसता येणारी नोंद राहायला हवी. जुन्या डॉस प्रोग्राममध्ये ती नसते, म्हणून कंपनीने तो सोडावा. हा नियम कंपनी कायद्याखालचा आहे, एकट्याच्या मालकीच्या किंवा भागीदारीच्या पेढीला आणि सहकारी पतसंस्थेला लागू नाही.

२०१७-१८ पासूनच्या कुठल्याही वर्षी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या विक्रीला १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस लागतं. काही व्यवसायांना सूट आहे, ती सल्लागाराकडून तपासा. बिलावर क्यूआर कोड छापावा लागतो आणि डॉसच्या मजकूर छपाईत तो येत नाही. माल आणि किंमत डॉसमधून काढून पोर्टलच्या मोफत साधनात भरणं शक्य आहे, पण रोज पाच-सहा बिलांच्या पुढे त्यात चुका होतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक १२ आणि २८ टक्क्यांच्या वस्तू दुसऱ्या दरांत गेल्या. दर प्रोग्रामच्या पोटात लिहिलेले असतील आणि तो लिहिणारा माणूस सापडत नसेल, तर बिलिंग बदला.

जुना प्रोग्राम सोडला तरी फेकू नका. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, कंपनीला पुस्तकं ८ वर्षं. डिस्कची प्रतिमा (प्रश्न ५) आणि उघडणारी एक व्यवस्था (प्रश्न ४) ठेवा.

१९. नव्या सॉफ्टवेअरवर जायचं ठरलं. कधी आणि कसं?

पतसंस्थेने १ एप्रिलला, ३१ मार्चच्या ताळेबंदानंतर. दूध संस्थेने दहा दिवसांच्या बिलाच्या पहिल्या दिवशी, पण ऐन जास्त दुधाच्या दिवसांत नको. किमान दोन बिलं दोन्हीकडे करा आणि प्रत्येक सभासदाची रक्कम पैशांपर्यंत जुळवा. फरक बहुधा पूर्णांकात आणताना येतो: एक प्रोग्राम प्रत्येक ओळीला, दुसरा शेवटच्या बेरजेला. कुठला नियम ठेवायचा ते संचालक मंडळाने ठरवावं, सॉफ्टवेअरवाल्याने नाही. खाते क्रमांक तेच ठेवा, सभासदांना ते पाठ असतात.

२०. जुना पीसी भंगारात देताना काय बघायचं?

डिस्क काढून घ्या. फॉरमॅट करून डेटा जात नाही, सभासदांची नावं, आधार आणि खाते क्रमांक परत काढता येतात. चालू डिस्क डीबॅनसारख्या प्रोग्रामने पूर्ण पुसा, बंद पडलेल्या डिस्कला तबकडीतून आरपार दोन-तीन भोकं पाडा. उरलेला पीसी ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राला देऊन पावती घ्या. तत्पूर्वी पॉवर सप्लाय, रॅम, फ्लॉपी ड्राइव्ह, सीरियल पोर्टचं कार्ड आणि पट्ट्या काढून, त्यावर मॉडेल आणि तारीख लिहून वरच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवा.